पाटीवर पहिलं नाव कुणाचं?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पूल खेळणाऱ्या गटानं ठरवलं, की हॉलच्या भिंतीवर एक सागवानी पाटी लावायची आणि दरवर्षी तिच्यावर मानाची दोन नावं कोरायची. आम्ही इंदूरचे अकरा जण. बहुतेक रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले. वीस-पंचवीस वर्षांपासून एकाच टेबलावर ‘वन पॉकेट’ हा पूलचा प्रकार खेळतोय. नावं निवडायला पाच जणांची समिती झाली आणि लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन रविवार बसू, पोहे-जलेबी होतील आणि काम उरकेल असं वाटलं होतं. पाच महिने लागले.

पूलचे बाकीचे प्रकार लोकांनी पाहिलेले असतात, हा फारसा नाही. टेबलाच्या ज्या टोकाला सुरुवातीला बॉलचा ढीग (रॅक) लावतात तिथल्या दोन कोपऱ्यांपैकी एक पॉकेट तुमचं, दुसरं समोरच्याचं. पंधरा बॉलमधले आठ जो आपल्या पॉकेटात आधी घालेल तो जिंकला. उरलेल्या चार पॉकेटांत काही पडलं तर ते परत टेबलावर. फाउल केलात तर कमावलेला एक बॉल परत द्यायचा. त्यामुळे इथे नेम चांगला असून भागत नाही. नाइन बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकारात कुणी एका दमात टेबल साफ केलं की बघणारे टाळ्या वाजवतात. वन पॉकेटमधला उत्तम फटका असा असतो, की बघणाऱ्याला काही घडलंच नाही असं वाटतं. ज्यानं बाकीचे बॉल मारायचे तो पांढरा बॉल हळूच जाऊन ढिगाला चिकटतो, आणि समोरचा माणूस क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, चॉक लावत टेबलाभोवती दोन-दोन फेऱ्या मारतो, कारण त्याला मारायला काहीच उरलेलं नसतं.

मग अशा खेळातला मोठा खेळाडू ओळखायचा कसा? आमचं घोडं तिथेच अडलं. करंडक मोजावेत तर या खेळाच्या स्पर्धाच आमच्याकडे झालेल्या नाहीत.

आधी तिकडे अमेरिकेत काय करतात ते वाचून काढलं. तिथल्या बिलियर्ड काँग्रेसचं ‘हॉल ऑफ फेम’ १९६६ साली सुरू झालं. पहिल्या तीन नावांत राल्फ ग्रीनलीफ आणि विली हॉपी हे जगज्जेते होते, आणि तिसरे चार्ल्स पीटरसन, ज्यांचं मुख्य काम खेळाचा प्रसार करणं आणि शिकवणं हे होतं. पुढे त्यांनी खेळाडू आणि सेवा असे दोन वेगळे विभाग ठेवले. ते आम्ही जसंच्या तसं उचललं. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात १९६१ साली वन पॉकेटची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिथे दिवसा स्पर्धा आणि रात्रभर पैशांवर खेळ चाले. त्या रात्रींची नोंद कुठल्याच करंडकावर नाही. जे टेबलाशेजारी उभे होते त्यांनी सांगितलं म्हणून ते डाव आज माहीत आहेत. हे वाचलं आणि आमचा मार्ग मला सापडला.

नियम असे झाले. ज्याचं नाव सुचवायचं त्याचा एक तरी डाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले तीन साक्षीदार हवेत. प्रत्येकानं वेगळं बसून लिहायचं: समोर कोण होतं, बॉल कसे पडले होते, फटका कोणता मारला. कागद बंद पाकिटात. ‘फार भारी खेळायचे’ असं लिहिलं असेल तर पाकीट बाद. घरच्या माणसाचं नाव आलं तर मतदानाच्या वेळी बाहेर जायचं. पहिल्याच बैठकीत एका दादांनी विल्सन जोन्स यांचं नाव पुढे केलं. जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झालेले. त्यांच्याबद्दल आदर सगळ्यांनाच. पण त्यांचा खेळ बिलियर्ड्स, पूल नव्हे, आणि आमच्यातल्या कुणी त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. म्हणून आणखी एक ओळ घातली: फक्त हा खेळ, फक्त आपलं टेबल.

सेवेचं नाव दहा मिनिटांत ठरलं. नव्वदच्या दशकात ह्यूस्टनला नोकरी करून परतलेल्या ज्या अण्णांनी हा खेळ इथे आणला, आणि जुनं नऊ फुटी टेबल स्वतःच्या खर्चानं नीट करून घेतलं, त्यांचं. यावर कुणाचं दुमत नव्हतं.

खेळाडूसाठी मी माझ्या काकांचं नाव सुचवलं. काकांचा तो डाव मी शंभर वेळा सांगितला असेल: शून्य-सातने मागे होते आणि लागोपाठ आठ बॉल घातले, शेवटचा दोन कुशन घेऊन, म्हणजे टेबलाच्या दोन कडांना लावून. तीन पाकिटं आली. मी ती हौसेनं उघडली आणि वाचता वाचता थंड पडलो. तिन्ही कागदांत गोष्ट तीच होती, आणि शब्दसुद्धा माझेच होते. ‘बॉल पॉकेटाच्या ओठावर येऊन विचार करत थांबला’, हे मी म्हणत असे. एकेकाला फोन करून विचारलं. तिघांपैकी कुणीच तो डाव पाहिला नव्हता, सगळ्यांनी माझ्याकडून ऐकला होता. आणि मी तरी कुठे पाहिला होता? त्या रात्री माझी बी.कॉम.ची परीक्षा चालू होती. मी काकूकडून ऐकला होता. पुढच्या बैठकीत मीच नाव मागे घेतलं. ते बोलताना घसा भरून आला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दुसरं नाव मार्कर मामांचं होतं. शहरातल्या एका जुन्या क्लबात त्यांनी चौतीस वर्षं मार्कर म्हणून काढली. गुण मांडायचे, कापड ब्रश करायचं, क्यूच्या टोकाच्या टिपा बसवायच्या, साहेबांच्या मुलांना ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायचा हात, कसा धरायचा ते शिकवायचं. क्लबच्या स्पर्धा सभासदांसाठी, त्यामुळे तिथे त्यांना कधी खेळता आलं नाही. रात्री नऊनंतर सायकलवरून आमच्याकडे यायचे. चार वर्षांपूर्वी गेले.

त्यांच्यासाठी सात पाकिटं आली. त्यातल्या चार जणांनी एकमेकांना न विचारता एकच फटका लिहिला होता. मामांचे तीन बॉल झालेले, समोरच्याचे सात. समोरच्याचा आठवा बॉल त्याच्या पॉकेटासमोर उभा, आणि मामांना तो हलवायला रस्ता नाही. मामांनी टिपेनं पांढऱ्याला जेमतेम स्पर्श केला आणि तो ढिगामागे चिकटवून ठेवला. काहीच कुशनला लागलं नाही, म्हणजे फाउल. आपला एक बॉल त्यांनी स्वतःच्या हातानं काढून परत टेबलावर ठेवला. तीनाचे दोन झाले. समोरच्याला तो आठवा बॉल दिसत होता, पण तिथवर पोचता येत नव्हतं. त्यानं नाइलाजानं ढीग फोडला, आणि मामांनी टेबलावरचे सहाही बॉल घेऊन डाव संपवला. चौघांपैकी एकानं शेवटी लिहिलं होतं: ‘बॉल परत ठेवताना त्यांनी तो आधी धोतराच्या सोग्याला पुसला.’ हे पाहिल्याशिवाय कुणी लिहूच शकत नाही.

तरी एक आवाज उठला, की मार्कर म्हणजे पगारी माणूस, त्याचं नाव सर्वांत वर कसं? मला राग आला आणि मी तो दाखवला. आमच्यातल्या निम्म्यांचा क्यू सरळ चालतो तो मामांमुळे. मतं पडली, चार विरुद्ध एक. त्या एकानंही नंतर पाटीच्या खर्चाला हातभार लावला, हेही सांगायला हवं.

काकांना सांगायचं काम माझंच होतं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, लोकमान्य नगरच्या घरी गॅलरीत बसलेले असतात. मी सगळं सांगितलं, पाकिटांचंसुद्धा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘‘मग कुणाचं लागलं?’’

‘‘मार्कर मामांचं.’’

‘‘हं. कागद घे बरं.’’

मी वही काढली. काका सावकाश सांगू लागले. पावसाळ्यातली रात्र, वीज दोनदा गेलेली, मामांशी खेळताना ते आठ-दोनने हरले होते. तिसऱ्या बॉलला त्यांनी घाई केली आणि पांढरा मध्यावर मोकळा सोडला. त्यानंतर मामांनी त्यांना एकदाही सरळ फटका मिळू दिला नाही. कुठला बॉल कुठे होता ते त्यांनी गॅलरीच्या फरशीवर बोटानं दाखवलं. आणि मग मी न विचारताच म्हणाले, ‘‘तू सांगतोस त्या डावात मी शून्य-चारने मागे होतो रे. सात नव्हे.’’

तेही मी लिहून घेतलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, खाली सही केली आणि विचारलं, ‘‘पाकिटात घालायचं ना हे?’’