वळवाचं पाणी स्लॅबवरच धरलं

शहापुरातल्या आमच्या घराची मागची खोली एप्रिलमध्ये नुसती भट्टी होते, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडत बसतो आणि पंखासुद्धा गरमच वारा फेकतो. त्याच महिन्यात वळीव धो धो येतो, गच्चीवरचं सगळं पाणी पाइपातून थेट गटारीत, आणि दुसऱ्या दिवशी परत आम्ही नळाची वाट बघत. मला हे बघवत नव्हतं.

मग आम्सटरडॅमच्या रेझिलिओ प्रकल्पाबद्दल वाचलं. 2018 ते 2022 मध्ये तिथं घरांच्या छपरांवर मातीखाली प्लॅस्टिकच्या क्रेटचा थर बसवला, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि निरांजनातली वात तेल ओढते तसं वातींतून वर झाडांच्या मुळांना जातं. मोठ्या पावसाचा अंदाज आला की व्हॉल्व आपोआप उघडून आधीच जागा करून ठेवतो. गारव्याचं म्हणाल तर तो माठाचाच हिशोब, 1 लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास 0.7 युनिट विजेएवढी उष्णता शोषली जाते.

पण तिकडं पाऊस बाराही महिने, आपल्याकडं चार. क्रेटमधलं 5 सेंटीमीटर पाणी आपल्या उन्हात दहा-बारा दिवसांत संपतं, म्हणजे जूनचं पाणी एप्रिलला उरणारच नाही. आपल्या कामाचा तो वळीवच! म्हणून मी मागच्या खोलीच्या 10 बाय 10 फुटांच्या स्लॅबवर तसेच क्रेट बसवले आणि वरच्या हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीचा पाइप त्यांत वळवला, वर 5 मिलिमीटर पाऊस पडला तरी खालचे क्रेट भरतात.

आई म्हणाली, "लोक स्लॅब गळू नये म्हणून धडपडतात, आणि तू वर पाणी साठवूलालास?" तिची भीती खरी होती. 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो, वर ओल्या मातीचं वजन वेगळंच, त्यामुळं इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे कुणीही करू नका, प्लीज. आम्ही वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी धरून बघितलं, ओल नाही म्हटल्यावरच कोकोपीट घालून हलकी केलेली माती टाकली. वर गवती चहा, ओवा. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डास.

यंदा पहिल्या वळवानंतर आई स्वतःच मागच्या खोलीत झोपायला गेली. आता ओव्हरफ्लोला एक बॅरल लावायचाय, जूनच्या आधी.