फेनेस्ट्रेटेड ग्राफ्टच्या खिडक्या सिम्युलेशनवर ठरवताना: माझा अनुभव

महाधमनीचा फुगा मूत्रपिंडाच्या धमन्यांना खेटून असला की तयार मापाचा स्टेंट-ग्राफ्ट (धमनीच्या आत बसवायची, धातूच्या कड्यांची कापडी नळी) चालत नाही. पकड मिळायला रीनल (मूत्रपिंडाच्या) धमन्यांच्या खाली साधारण 10 ते 15 मिमी निरोगी भिंत लागते. ती नसेल तर ग्राफ्ट वर न्यावा लागतो आणि रीनल व सुपीरिअर मेसेंटेरिक (आतड्याच्या) धमन्यांसाठी कापडात खिडक्या ठेवाव्या लागतात. हा फेनेस्ट्रेटेड, म्हणजे खिडक्यांचा, ग्राफ्ट त्या एका रुग्णासाठीच शिवला जातो, हातात यायला कित्येक आठवडे लागतात, आणि एकदा शिवला की खिडकी हलवता येत नाही. म्हणून ऑर्डर जाण्याआधी मी तो संगणकावर त्याच रुग्णाच्या धमनीत उघडून बघतो.

सुरुवात सीटी अँजिओग्रामपासून, म्हणजे धमन्यांच्या सीटी स्कॅनपासून. स्लाइस 1 मिमी किंवा त्याहून पातळ हवी. लहान खिडकी जेमतेम 6 मिमी रुंद असते, त्यामुळे 3 मिमीच्या स्लाइसवर रीनलचं तोंड किती वर-खाली आहे याचा नुसता अंदाजच उरतो. रक्ताचा मार्ग, गुठळी आणि कॅल्शियम हे तिन्ही वेगवेगळे काढावेत. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा, कारण स्मूदिंगमध्ये धमनीच्या तोंडाची कड घासली जाते आणि मध्यबिंदू सरकतो. मी प्रत्येक तोंडाचा मध्य मूळ स्लाइसवर जाऊन पुन्हा टिपतो.

इथे एक फसवी चूक होते. डायकॉम (सीटीच्या फाइलचा प्रमाण प्रकार) आणि काही सॉफ्टवेअर यांच्या अक्षांच्या दिशा उलट असतात: एकाचा एक्स आणि वाय दुसऱ्यात ऋण होतो. दोन्ही अक्ष एकदम उलटल्यामुळे आरशातली प्रतिमा होत नाही, मॉडेल फक्त अर्धा वळसा फिरतं. आकार अगदी बरोबर दिसतो, पण (धमनीचा आडवा छेद घड्याळासारखा धरला, 12 म्हणजे पुढची बाजू, तर) 12 वाजताची मेसेंटेरिक 6 वर जाते आणि डावी रीनल उजवीकडे. त्यामुळे फाइल आत आली की आधी मणके मागच्या बाजूला आहेत ना, ते बघायचं.

आता मुख्य मुद्दा. खिडक्यांची जागा सेंटरलाइनवरची (धमनीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवरची) उंची आणि घड्याळातली वेळ अशी लिहितात, पण ग्राफ्ट काही सेंटरलाइनवर जाऊन बसत नाही. वाकड्या धमनीत तो एका बाजूच्या भिंतीला टेकतो. शिवाय तो मुद्दाम 10 ते 20 टक्के मोठा घेतलेला असतो. समजा धमनी आतून 24 मिमी आणि ग्राफ्ट 28 मिमी. धमनीचा परीघ 75.4 मिमी, कापडाचा 88 मिमी, म्हणजे साडेबारा मिमी कापड जास्तीचं. ते सगळीकडे सारखं चुरगळलं तर घड्याळ जुळतं. पण मागे एकच मोठी घडी पडून पुढचं कापड सपाट बसलं, तर 12 आणि 3 वाजताच्या खिडक्यांमध्ये कापडावर 22 मिमी अंतर असतं, धमनीत मात्र 18.8 मिमीच. खिडकी 3 मिमीने चुकली, म्हणजे तिच्या निम्म्या रुंदीने. टेबलावरच्या मोजमापात हे दिसत नाही. सिम्युलेशन करायचं ते यासाठी.

मॉडेलमध्ये नायटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) कड्या सुपरइलास्टिक (खूप वाकूनही मूळ आकारात परतण्याच्या) गुणधर्मासह, कापड पातळ शेल एलिमेंटचं (पत्र्यासारख्या गणिती तुकड्यांचं) आणि धमनीची भिंत ठरावीक जाडीची धरतो, साधारण 1.5 मिमी, कारण सीटीत भिंत नीट दिसत नाही. ग्राफ्ट दाबून नळीत भरायचा, नळी धमनीत न्यायची आणि हळूहळू मोकळा करायचा. सीटीतली धमनी आधीच रक्तदाबाने ताणलेली असते. तिच्यावर पुन्हा 100 मिमी पारा दाब लावला तर ती दुसऱ्यांदा फुगते, म्हणून एकतर आधीचा ताण काढून घ्यावा, नाहीतर फक्त ग्राफ्टचा जोर लावावा. गणित लवकर संपावं म्हणून मास स्केलिंग (मॉडेलचं वस्तुमान कृत्रिमरीत्या वाढवणं) जास्त केलं की कड्या उसळतात. गतिज ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या 5 टक्क्यांखाली राहिली नाही, तर तो रन मी टाकून देतो.

मी निकाल दोन स्थितींत वाचतो: ताठ वायर (जिच्यावरून ग्राफ्टची नळी आत सरकवतात ती) आत असताना आणि काढल्यावर. ताठ वायर वळणदार इलियाक (महाधमनीतून पायांकडे जाणाऱ्या) धमन्या सरळ करते आणि रीनलची तोंडंही थोडी हलवते. कॅथेटर घालताना पहिली स्थिती असते, रुग्ण घरी जातो दुसऱ्या स्थितीत. पहिल्या स्थितीत खिडकी जुळली आणि दुसरीत सरकली, तर खिडकीतून रीनलमध्ये घातलेला कव्हर्ड (कापड चढवलेला) स्टेंट तिरका दाबला जातो. अशा वेळी मी घड्याळात 15 मिनिटांचा बदल करून बघतो. 28 मिमीच्या ग्राफ्टवर हा बदल 1.8 मिमीचा होतो. लहान खिडकीवरून कडीची तार जात नाही ना, हे पुन्हा तपासतो, कारण एक खिडकी सरकली की कड्यांची मांडणीही सरकते.

कण्हत-कुथत पुढे गेलेल्या नळीत साठलेला पीळ या गणितात येत नाही. वळणदार इलियाकमधून आलेला ग्राफ्ट सुटताना फिरू शकतो. तो अर्धवट उघडा ठेवणारे मागचे धागे आणि खिडकीभोवतीचे सोन्याचे मार्कर शस्त्रक्रियेत त्यासाठीच असतात. श्वासाबरोबर रीनल वर-खाली होतात, तेही एका स्थिर सीटीत पकडता येत नाही.

शंका उरली तर धमनीचं थ्री-डी प्रिंट करून त्यात निर्जंतुक न केलेला नमुना ग्राफ्ट उघडतात. तेव्हा पाणी 37 अंशांवर ठेवा. थंड पाण्यात नायटिनॉल मऊ पडतं, कापड सैल बसतं आणि खिडकी शरीरात असेल तिथे दिसत नाही.