पोस्टग्रेसमधून आपोआप मेटाडेटा: टप्पा ३, रात्रीची फेरी आणि फरक

सद्यस्थिती: पोस्टग्रेस १६ डेटाबेस, एक पायथन स्क्रिप्ट, रात्री २ चा क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय). स्क्रिप्ट मेटाडेटा, म्हणजे डेटाच्या रचनेची माहिती (टेबल, कॉलम, इंडेक्स, व्ह्यू आणि कॉमेंट), उचलून वेगळ्या डेटाबेसमध्ये तारखेनिशी ठेवते. कालच्या नोंदीशी फरक पडला तरच मेल जातो.

इन्फर्मेशन स्कीमा (रचनेची माहिती देणारे प्रमाणित व्ह्यू) सोडून पीजी_कॅटलॉग (पोस्टग्रेसची स्वतःची अंतर्गत टेबलं) धरला, हा या टप्प्यातला मोठा बदल. इन्फर्मेशन स्कीमा प्रमाणित आहे, मायएसक्यूएलमध्येही आहे, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पण आपल्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) ज्या टेबलांवर काही ना काही हक्क आहे, तेवढीच ती दाखवते. मेटाडेटाचा रोल मुद्दाम कमी हक्कांचा ठेवलेला असतो. मग एरर नाही, लॉग स्वच्छ आणि यादी अर्धवट. मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारे) तर त्यात येतच नाहीत. कॅटलॉगमधली पीजी_क्लास (टेबलांची यादी) आणि पीजी_अ‍ॅट्रिब्यूट (कॉलमांची यादी) मात्र साध्या रोललाही पूर्ण वाचता येतात, डेटावर सिलेक्ट द्यावा लागत नाही. हा कॅटलॉग चालू डेटाबेसपुरताच असतो. प्रत्येक डेटाबेसला वेगळं कनेक्शन हवं.

पीजी_अ‍ॅट्रिब्यूट वाचताना दोन अटी हव्यातच: अ‍ॅटनम (कॉलमचा क्रमांक) शून्याहून मोठा आणि अ‍ॅटइजड्रॉप्ड (कॉलम काढला आहे का) फॉल्स. नाहीतर सीटीआयडीसारखे सिस्टम कॉलम आणि ‘........पीजी.ड्रॉप्ड.३........’ असल्या नावाचे, कधीच काढून टाकलेले कॉलम यादीत येऊन बसतात. टाइप फॉरमॅट_टाइप फंक्शनने काढा, म्हणजे व्हारचारची लांबीही मिळते.

ओळींचा आकडा पीजी_क्लासमधल्या रेलटपल्समधून घेतो. तो अंदाज असतो, आणि आवृत्ती १४ पासून –१ दिसला तर त्या टेबलावर व्हॅक्यूम (साफसफाई) किंवा अ‍ॅनालाइझ (आकडेवारी गोळा करणं) झालेलंच नाही असं समजायचं. पार्टिशन केलेल्या मूळ टेबलाला ऑटोव्हॅक्यूम हात लावत नाही. तिथे अ‍ॅनालाइझ आपणच चालवायचं.

फरक नावावरून काढू नये. ओआयडी (टेबलाचा अंतर्गत क्रमांक) आणि अ‍ॅटनम यांच्या जोडीवरून काढला की नाव बदललेला कॉलम ‘एक गेला, एक आला’ असा दिसत नाही. पीजी_डंपच्या बॅकअपमधून रिस्टोअर केल्यावर मात्र ओआयडी बदलतात, त्या रात्रीपुरती नावावरून जुळणी.

आकार मोजणारं पीजी_टोटल_रिलेशन_साइज टेबलावर हलकं लॉक मागतं. कुणाचं ऑल्टर टेबल (रचना बदलणारी कमांड) अडकलं असेल तर आपली फेरीही तिथेच खोळंबते. म्हणून लॉक_टाइमआउट २ सेकंद आणि आकाराची क्वेरी टेबलागणिक वेगळी, ऑटोकमिटवर (प्रत्येक क्वेरी स्वतंत्र ट्रान्झॅक्शन). सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलं तर एका टेबलावर टाइमआउट झाला की पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद होतं.

क्रॉनच्या दोन खोड्या: पासवर्डच्या .पीजीपास फाइलची परवानगी ०६०० हवी, सैल असली तर ती वाचलीच जात नाही. आणि क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे नवी ओळ, त्यामुळे तारखेच्या फॉरमॅटमध्ये त्याच्याआधी \ द्यावा.

देवनागरीत टेबलांची नावं ठेवणाऱ्यांसाठी: नावाची मर्यादा ६३ बाइट. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. त्यापुढचा भाग नुसत्या नोटीसवर कापला जातो, आणि कॅटलॉगमध्ये कापलेलंच नाव सापडतं.

पुढचा टप्पा इव्हेंट ट्रिगरचा, म्हणजे बदल त्याच क्षणी टिपला जाईल. डीडीएल_कमांड_एंड (रचना बदलणारी कमांड संपताना चालणारा ट्रिगर) याच्या यादीत ड्रॉप येत नाही, त्यासाठी एसक्यूएल_ड्रॉप वेगळा लावावा लागेल. रोल आणि डेटाबेस यांच्यावरच्या कमांडना हे ट्रिगर लागूच होत नाहीत, त्यामुळे रात्रीची फेरी चालूच राहील.