जाणारे गोंदण

मे महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर शहाळीवाला आणि बर्फाच्या गोळ्याची गाडी यांच्या मधल्या जागेत एक मुलगा प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून टॅटू काढायला बसतो. त्याच्या फाइलमध्ये त्रिशूळ, वाघाचे तोंड, डॉल्फिन, फुलपाखरे आणि वळणदार अक्षरांतले ‘आई’ असे सगळे असते, आणि शेवटच्या दोन पानांवर ‘ट्रायबल’ या नावाखाली काही वेगळ्या आकृत्या असतात. यंदा बारावी झालेल्या माझ्या भाचीने नेमके त्याच पानावर बोट ठेवले. मी चष्मा लावून पाहिले, तर ते ठिपक्यांचे तुळशीवृंदावन होते, माझ्या आजीच्या हातावर आहे अगदी तसेच. आमच्या खळ्यातली तुळस ‘ट्रायबल’ कधी झाली, ते मला कळले नाही.

भाचीने घेतला तो कागदी टॅटू. कागदावर चित्र उलटे छापलेले असते आणि त्यावर चिकट थर असतो. कागद त्वचेवर पालथा ठेवून ओल्या फडक्याने अर्धा मिनिट दाबला, की तो सुटून येतो आणि चित्राचा पातळ पापुद्रा हातावर राहतो. पाकिटावर आठवडाभराची हमी होती. पण कोकणातल्या घामापुढे असल्या हमीला काही अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी वृंदावनाच्या कडा उचलल्या गेल्या, त्यांत बारीक वाळू अडकली, आणि उरलेसुरले भाचीने खोबरेल तेल चोळून काढून टाकले.

त्या तेलानेच मला आजीची गोष्ट आठवली. आजी आठ वर्षांची असताना गोंदणारी बाई घरी आली होती. पणतीवर करवंटी उपडी धरून काजळी जमवली, ती पाल्याच्या रसात कालवली आणि तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधून ओटीवर काम सुरू झाले. एका मावशीने आजीचे डोके मांडीत घट्ट धरले, दुसरीने हात धरला. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक, मनगटावर ठिपक्यांची ओळ, हातावर तुळशीवृंदावन आणि कोपराजवळ विंचू काढला. हा विंचू असला की खरा विंचू चावत नाही, अशी समजूत. रडणाऱ्या आजीला तिची आई म्हणाली होती, “सोना-नाणा सगळा हयच रवतला, वांगडा येतला ता ह्याच.” म्हणजे मरताना सोबत येणार ते एवढेच. काम संपल्यावर हातावर हळद आणि खोबरेल तेल लावले, बाईच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातले. जे तेल तेव्हा गोंदण बसावे म्हणून लावले, तेच आता टॅटू निघावा म्हणून लावले जाते.

आजीचे गोंदण काजळीचे, म्हणजे काळे. पण आज ते निळसर-हिरवट दिसते. काळा कण त्वचेच्या खालच्या थरात असला, की वरची त्वचा प्रकाशातला निळा भाग जास्त विखरून परत पाठवते. म्हाताऱ्या बायकांच्या हातावर आपण लहानपणापासून पाहत आलो तो रंग शाईचा कमी आणि त्वचेचा जास्त असतो. तो टिकतो कसा, याचे उत्तर मला अधिक विलक्षण वाटते. वरची त्वचा साधारण महिन्याभरात झडून नवी येते, म्हणून मेंदी जाते. सुई मात्र त्याखालच्या थरात पोहोचते. शरीरातल्या संरक्षक पेशी ते कण परके समजून गिळतात; पण त्यांना ते पचवता येत नाहीत. मग ती पेशी मरते, कण सुटतो आणि शेजारची दुसरी पेशी तो पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी दाखवली. तसेच माणसातही होत असेल, तर आजीची तुळस गेली ऐंशीहून अधिक वर्षे एका पेशीकडून दुसरीकडे सोपवली जात आहे, आणि आजीला त्याचा पत्ताही नाही.

पुरुषांच्या गोंदणाचे प्रकरण आमच्या घरात निराळे होते. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर कामाला होते आणि एका फेरीनंतर दंडावर नांगर काढून घेऊन परतले. ‘टॅटू’ हा शब्दच मुळी समुद्रावरून आलेला आहे: पॉलिनेशियातल्या ‘टाटाउ’वरून तो इंग्रजीत गेला, आणि 1769 मध्ये ताहितीला पोहोचलेल्या जेम्स कुकच्या सफरीनंतर तो खलाशांबरोबर सगळीकडे पसरला. पण आमच्या वाडीला त्याचे काय? बाईच्या अंगावरचे गोंदण म्हणजे चांगले वळण आणि पुरुषाच्या दंडावरचा नांगर म्हणजे हाताबाहेर गेलेला मुलगा, असा सरळ हिशोब होता. म्हणून आजोबांचे हे भाऊ लग्नाच्या पंगतीतही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसत. पुढे माझ्या आईच्या पिढीने गोंदणच नाकारले. शाळेत शिकलेल्या मुलीला ते गावंढळ वाटू लागले आणि कपाळावरचा हिरवा ठिपका टिकलीखाली झाकला जाऊ लागला. आता शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या मुली आयलायनरने हनुवटीवर तेच ठिपके काढतात आणि रात्री तोंड धुऊन झोपतात.

हे उथळ आहे, असे म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, आणि काही काळ मीही त्यांच्यात होते. मत बदलले ते भावाच्या मुलामुळे. तो भरतीची तयारी करतो, पहाटे समुद्राच्या कडेने धावतो, आणि त्याला मानेवर त्रिशूळ हवा होता. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूचे आणि तळहाताच्या मागचे गोंदण चालते, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत असते. बाकी ठिकाणचा टॅटू म्हणजे वैद्यकीय तपासणीतच घरची वाट. निमलष्करी दलांत तर कोपरापासून मनगटापर्यंतचे हे गोंदण डाव्याच हाताचे चालते, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो. म्हणून तो शिमग्यापुरता चिकटवायचा त्रिशूळ लावतो आणि पालखी देवळात गेली की काढून टाकतो. “आत्या, लेझरने काढायला किती पैसे लागतात, माहीत आहे का?” असे त्याने मला विचारले, तेव्हा हा उथळपणा नसून व्यवहार आहे, हे मला पटले.

माझी तक्रार आहे ती एकाच गोष्टीवर, काळ्या मेंदीवर. तीन वर्षांपूर्वी याच भाचीने एका जत्रेत दंडावर काळ्या मेंदीचा डॉल्फिन काढून घेतला होता. तासाभरात कुळकुळीत काळा रंग चढला आणि आम्ही कौतुक केले. पाचव्या दिवशी डॉल्फिनच्या आकाराचे फोड उठले. खरी मेंदी कधी अशी काळी होत नाही. ती आधी नारिंगी रंगते आणि दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळे करणाऱ्या लगद्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. कलपातही त्याच्या प्रमाणावर मर्यादा असते. इथे ते मोजणार कोण? एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले, की ते सहसा जन्मभर राहते, आणि पुढे साधा कलप लावला तरी डोळे सुजू शकतात. फोड बरे झाले, पण फिकट डॉल्फिन अजून आहे. घरात कायमची खूण राहिली ती तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या टॅटूची.

यंदा तारकर्लीहून परतल्यावर भाचीने पाकिटातला उरलेला कागद आजीपुढे धरला. आजीने दोन्ही वृंदावने शेजारी ठेवून पाहिली, आपल्यातल्या पायऱ्या मोजल्या आणि “एक पायरी कमी हा” असा शेरा दिला. मग ते किती दिवस राहते, असे तिने विचारले. भाचीने दोन दिवस म्हणून सांगितले.

“जाता? मगे बरा आसा,” आजी म्हणाली. कागद परत देताना तिने पदराने मनगट पुसले, जणू तिथे काही ओले होते. “तेवा माका कोणी इचारूक नाय.”