बाबांच्या खुकरीची जोड करून घेतली, त्यासाठी धरानला गेलो

बाबा आर्मी मेडिकल कोरमध्ये होते, त्यातली तीन वर्षं गोरखा बटालियनसोबत. १९७८ ला बदली झाली तेव्हा तिथल्या एका सुभेदार साहेबांनी गावाकडून, म्हणजे नेपाळातल्या धरानहून आणलेली खुकरी, म्हणजे आत वळलेल्या पात्याचा गोरखा सुरा, त्यांना दिली. दर दसऱ्याला ती आमच्याकडे पूजेत असते. बाबा गेल्यावर चिपळूणच्या जागेत बांबू तोडायला ती न्यावी असं खूप वाटायचं, पण मुठीवर त्यांच्या बोटांनी झिजलेली जागा आहे, तिथे हात ठेवला की मन होत नाही. मग ठरवलं, तशीच दुसरी करून घ्यायची.

आधी ऑनलाइन मागवली. आरशासारखी चकचकीत आली, पण तिसऱ्या बांबूला मूठ डुगडुगायला लागली. उघडून बघितलं तर मुठीत जाणारी पात्याची शेपटी जेमतेम दोन इंच. आणि पाठ, म्हणजे धारेच्या उलटी बाजू, मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची! बाबांच्या खुकरीची पाठ मुठीजवळ ९ मिलिमीटर आहे आणि टोकाकडे निमुळती होत जाते. शोकेससाठी बनवलेली आणि कामासाठी बनवलेली यात हा फरक असतो, फोटोत तो दिसत नाही.

मूळ खुकरी बॉर्डरपार न्यायची नव्हती. कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढला, पाच ठिकाणची जाडी व्हर्नियरने मोजून लिहिली, किचनच्या काट्यावर वजन केलं आणि निघालो. विमानाने बागडोगरा, तिथून पानिटंकी, सीमेवरच्या मेची नदीचा पूल ओलांडून काकडभिट्टा, मग बसने इटहरी आणि वर धरान. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट जवळ ठेवला होता.

दोन दुकानांतून तयार मालच दाखवत होते, तिसऱ्याने मागच्या गल्लीतल्या कामी दाईंकडे पाठवलं. कामी म्हणजे तिकडचे पिढीजात लोहार, दाई म्हणजे नेपाळीत दादा. त्यांनी माझा कागद बघितला, वाकावर अंगठा फिरवला आणि हिंदीत म्हणाले, ये तो पुराना हाथ का है, चार दिन रुको.

ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा कापून कोळशाच्या भट्टीत घातला, एक जण धरणारा आणि एक घण मारणारा, बोलणं जवळजवळ नाहीच. घडवणं आणि कानशीनं आकार देणं यात दोन दिवस गेले. धारेला पाणी देणं मात्र मी कधीच विसरणार नाही. पातं लालभडक तापवून चिमट्यात धरलं आणि चहाच्या किटलीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडत नेली. पाठीवर पाणी नाही, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहून घाव सोसते. पहिल्या पात्याला त्या वेळी टिक्क असा आवाज आला, दाईंनी उजेडाकडे धरून केसाएवढी चीर दाखवली आणि एक शब्द न बोलता ते भंगारात टाकून नवा पाटा घेतला. मला रडू येईल असं वाटलं खरं सांगायचं तर, दोन दिवसांचं काम होतं ते. दुसऱ्या पात्यावर कानस घासून बघितली, ती धारेवरून नुसती घसरली, तेव्हा हसले.

थांबलो होतो तेवढ्यात भिंतीवरचा कोरा हातात घेऊन बघितला. ही नेपाळची जुनी तलवार, खुकरीसारखीच आत वळलेली आणि धारही आतल्या बाजूला, फक्त टोकाला एकदम पसरट आणि त्यावर डोळा कोरलेला. हा टुरिस्टसाठी केलेला होता, पत्र्यासारखा हलका. दाई म्हणाले जुन्या कोऱ्यात सगळा भार त्या पसरट टोकात असतो, एका घावात काम व्हावं म्हणून.

मूठ शिसवीची, लाखेने पक्की केली, शेपटी मुठीच्या पार मागेपर्यंत नेऊन ठोकली. म्यान दुसऱ्या कारागिरांनी केलं, लाकडावर म्हशीचं कातडं, आणि त्यात मुख्य पात्यासोबत दोन छोटी, कर्द बारीकसारीक कापायला आणि चकमक धार लावायला. निघताना दाईंनी माझा डावा हात धरून शिकवलं की खुकरी उपसताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरायचं नाही, जुनं म्यान उसवलेलं असेल तर बोटं जातात. घरी सगळ्यांना हे आधी शिकवलं.

बिल जवळ ठेवलं होतं, बागडोगऱ्याला चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून टाकली. घरी येऊन काट्यावर ठेवली तर बाबांच्या खुकरीपेक्षा २० ग्रॅम जास्त. कोयत्याची सवय असल्याने वाक नवा वाटला नाही, पण भार पुढे असल्याने हात कमी उचलावा लागतो, बांबू दोन घावांत पडतो.

कोकणातल्या पावसात कातड्याच्या म्यानात पातं राहिलं तर गंज धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर दोन्ही खुकऱ्या म्यानाबाहेर काढून, तेलाचं बोट फिरवून सुती कापडात ठेवतो. आईने बाबांच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे दिलेत त्यासाठी.