एवढा चमकतोय, मग बाकावर का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकेतल्या मराठी घरांतून, आणि पुण्या-ठाण्यात बसलेल्या आजीआजोबांकडूनही, हा प्रश्न सतत येतो. नातू हायस्कूलच्या टीममध्ये सगळ्यांत चांगला, गावच्या पेपरात फोटो, त्याचे व्हिडिओ अनोळखी लोकही एकमेकांना पाठवताहेत, आणि एक दिवस कळतं की त्याला ‘इनएलिजिबल’, म्हणजे अपात्र, ठरवून बाकावर बसवलंय. शाळा आपलाच हुकमी एक्का अशी कशी काढून ठेवते?

शाळेच्या हातात ते फारसं नसतं. तिथले शालेय खेळ राज्याराज्यांच्या संघटना चालवतात: कॅलिफोर्नियात सीआयएफ, टेक्ससमध्ये यूआयएल, ओहायोत ओएचएसएए. प्रत्येकीचं नियमपुस्तक वेगळं. टेक्ससमधल्या डॅलसच्या मावसभावाला जे चाललं ते कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये चालेलच असं नाही. आणि अपात्र खेळाडू मैदानात उतरल्याचं नंतर उघड झालं, तर जिंकलेला सामना सगळ्या टीमच्या नावावर हरल्याचा लागतो. एका मुलाच्या कागदापायी बारा-पंधरा मुलांचा सीझन जातो, म्हणून ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेचा खेळप्रमुख, शंका आली की आधी बसवतो आणि मग चौकशी करतो. त्यात त्याची खुन्नस नसते.

हे नीट समजून घ्यायचं तर बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचा २००३ चा जानेवारी महिना बघावा. ओहायोतल्या ॲक्रन गावची सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी ही त्याची शाळा. फेब्रुवारी २००२ मध्ये, तो अकरावीत असताना, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला होता. १२ डिसेंबर २००२ ला ओक हिल ॲकॅडमीविरुद्धचा त्याचा शाळेचा सामना ईएसपीएन-२ ने देशभर दाखवला. शाळेचा जिम पुरेना म्हणून घरचे सामने ॲक्रन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये हलवले होते. तिकिटं, टीव्ही, मासिकं, सगळ्यांना त्याच्यापासून पैसा मिळत होता, फक्त त्याने स्वतः घ्यायचा नव्हता. ओहायोचा नियम तसाच होता: खेळातल्या नावावर पैसा किंवा किमती वस्तू घेतली की हौशी खेळाडू हा दर्जा गेला.

अठराव्या वाढदिवसाला आईने त्याला हमर गाडी दिली, तेव्हा गदारोळ झाला. चौकशीत निघालं की आईने बँकेचं कर्ज काढून घेतलीय, कागद बरोबर आहेत. २७ जानेवारीला तो त्या प्रकरणातून सुटला. आणि पाठोपाठ अडकला दोन जर्सींत. क्लीव्हलंडच्या एका दुकानाने जुन्या खेळाडूंच्या नावाच्या, एकूण ८४५ डॉलर किमतीच्या दोन जर्सी त्याला फुकट दिल्या होत्या. भिंतीवर लावायला त्याचा फोटो मिळावा, एवढीच दुकानाची अपेक्षा. जर्सी परत केल्या, तरी ३१ जानेवारीला संघटनेने उरलेल्या सीझनसाठी त्याला अपात्र ठरवलं आणि जर्सी घेतल्यानंतर जिंकलेला सामना काढून घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. ५ फेब्रुवारीला न्यायाधीशाने ती बंदी दोन सामन्यांवर आणली, त्यातला एक होऊनही गेला होता. काढून घेतलेला सामना मात्र परत मिळाला नाही. ८ तारखेला न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये तो परतला तो ५२ गुण करूनच.

ऐंशी हजारांच्या घरातली गाडी चालली आणि ८४५ डॉलरचे कपडे नडले, हे लोकांना अजून पटत नाही. मला ते सगळ्यांत शिकवणारं वाटतं. वस्तू किती किमतीची यापेक्षा ती कोणी दिली आणि कशाबद्दल दिली, हे आधी पाहिलं जातं. आई देते ते आई म्हणून. दुकानदार देतो ते खेळाडू म्हणून. तुमच्या घरी बुटांचा जोड, रॅकेट, विमानाचं तिकीट, काहीही आलं तर हाच प्रश्न विचारा: हा मुलगा खेळत नसता तर या माणसाने हे दिलं असतं का?

तुमच्या-आमच्या मुलांना मात्र फुकटच्या जर्सी क्वचितच नडतात. नडतात त्या तारखा आणि मार्क.

टेक्ससचं उदाहरण घ्या. तिथे १९८४ पासून ‘नो पास, नो प्ले’ कायदा आहे. सहा-नऊ आठवड्यांच्या ग्रेडिंग पीरियडला एका जरी विषयात ७० च्या खाली आलात की तीन आठवडे सामने बंद. सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. तीन आठवड्यांनी सगळ्या विषयांत पास असाल तर परत. यात मराठी घरं फसतात ती वेगळ्याच कारणाने. मुलगा हुशार असतो, बाकी विषयांत ९५ असतात, आणि एका विषयात दोन असाइनमेंट जमाच केलेल्या नसतात. शून्य, शून्य, आणि सरासरी ६८. ग्रेडिंग पीरियड संपण्याच्या दहा दिवस आधी पोर्टल उघडून रिकामे रकाने बघा. सरासरीचा आकडा नंतर बघितलात तरी चालेल. पीरियड संपल्यावर शिक्षकाच्या मागे लागून उपयोग नसतो. कॅलिफोर्नियात हिशोब निराळा, तिथे एकूण जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची चारपैकी धरलेली सरासरी, २.० लागतो.

मग वय. टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला एकोणीस पूर्ण झालेले नसावेत. कॅलिफोर्नियात १५ जूनच्या आधी एकोणीस पूर्ण झाले तर पुढच्या वर्षी खेळता येत नाही. याच्या जोडीला आठ सेमिस्टरचा नियम बहुतेक राज्यांत आहे: नववीत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू, आणि आठ सेमिस्टर झाली की संपलं, मधे खेळलात की नाही याला महत्त्व नाही. महाराष्ट्रातून दहावी करून आलेल्या मुलाला ‘इथे रुळू दे’ म्हणून पुन्हा दहावीत बसवलं, तर त्याचं घड्याळ तिकडे नववीतच सुरू झालेलं असतं, आणि बारावीत ऐन भरात असताना खेळ बंद होऊ शकतो. बसवायचं असेल तर बसवा, पण आधी लेखी विचारा. तब्येतीचा फॉर्म, म्हणजे फिजिकल, बहुतेक ठिकाणी दर वर्षी नवा लागतो. सराव सुरू व्हायच्या आठवड्यात डॉक्टरची वेळ मिळत नाही, म्हणून तो उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकावा.

सगळ्यांत जास्त मुलं अडकतात ती शाळा बदलताना. चांगला कोच आहे म्हणून पलीकडच्या शाळेत नाव घातलं, हे वाक्य पालक सहज बोलून जातात. टेक्ससमध्ये खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर किमान एक वर्ष मुख्य टीममधून, म्हणजे व्हार्सिटीतून, बाहेर. तिथे मागच्या शाळेचा कोचही एका फॉर्मवर आपलं मत लिहितो, आणि तो फॉर्म जिल्ह्याच्या समितीसमोर जातो. कॅलिफोर्नियात घर न बदलता पहिल्यांदा शाळा बदलली तर सीझनचा काही भाग बाहेर काढावा लागतो. फ्लोरिडात २०१६ च्या कायद्यानंतर बदलून लगेच खेळता येतं. घर खरंच बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, पण ‘खरंच’ म्हणजे सगळं कुटुंब, सामानासकट, जुनं घर सोडून. भाडेकरार नव्या गावचा आणि विजेचं बिल अजून जुन्या घरी वापर दाखवतंय, असं असलं की तपासात पकडलं जातं. खोटा पत्ता दिलेला निघाला तर शिक्षा कितीतरी वाढते. काकाच्या पत्त्यावर नाव घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या कधी ध्यानातच येत नाही. शाळेच्या सीझनमध्ये त्याच खेळात बाहेरच्या टीमकडून खेळायला बऱ्याच राज्यांत बंदी असते. ‘बाहेरची टीम’ म्हणजे फक्त मोठे क्लब नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत एक माणूस कमी पडला म्हणून शनिवारी शाळेच्या टीममधल्या मुलाला उतरवलं, मंडळाने फेसबुकवर करंडकासह फोटो टाकला, तर तोही बाहेरचाच सामना धरला जाऊ शकतो. मंडळाच्या स्पर्धेला त्याला स्कोअर लिहायला बसवा.

आता पैशाबद्दल. ज्या ओहायोने दोन जर्सींवरून गदारोळ केला, तिथल्या शाळांनी २०२२ मध्ये खेळाडूंना नावाचा पैसा घेऊ देण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि २०२५ च्या अखेरीस मान्य केला. आज बहुसंख्य राज्यांत हायस्कूलच्या मुलाला स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देऊन कमावता येतं, याला ‘एनआयएल’ म्हणतात. अटी सगळीकडे साधारण सारख्या: शाळेचा गणवेश, लोगो, मैदान जाहिरातीत दिसता कामा नये, गुणांवर किंवा विजयावर पैसे ठरता कामा नयेत, दारू-जुगाराची जाहिरात नको. निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगाराचा कर भरायला रिटर्न लागतं, मूल सोळा वर्षांचं असलं तरी.

पण तुमचं मूल एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो तो) असेल तर इथेच थांबा. एच-४ वरच्या मुलांना अमेरिकेत काम करायची परवानगी नसते. शेजारच्या ग्रीनकार्डवाल्या मुलाने स्मूदीच्या दुकानाची पोस्ट टाकून २०० डॉलर घेतले आणि तुमच्या मुलाने तेवढेच घेतले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संघटनेचा नियम मोडत नसला तरी व्हिसाचा मोडू शकतो, आणि त्याचे परिणाम खेळापुरते राहत नाहीत. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. कोचला यातलं कळत नाही आणि त्याने ते सांगूही नये.

राहिला गाजावाजा. खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्या वेबसाइटवर मुलाच्या नावापुढे तारे लागतात, ते लावणाऱ्यांचा हेतू आधी बघा. ‘२४७ स्पोर्ट्स’ फुटबॉलमध्ये साधारण ३२ जणांना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीला ३२ निवडी असतात. म्हणजे तो पुढचा अंदाज आहे. आणि टीव्हीवर दिसलं म्हणजे कोणी तपासून घेतलंय असंही नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला ईएसपीएनने आयएमजी ॲकॅडमी या फ्लोरिडातल्या नावाजलेल्या क्रीडाशाळेविरुद्ध बिशप सिकॅमोर नावाच्या ओहायोच्या ‘शाळे’चा फुटबॉल सामना दाखवला. ५८-० असा निकाल लागला. चालू सामन्यातच समालोचक म्हणाले की या टीमबद्दल सांगितलेल्या गोष्टींची खात्री पटत नाहीये. नंतर राज्याच्या चौकशीत ती शाळा म्हणजे फसवणूक असल्याचं निघालं. दोनच दिवस आधी त्याच पोरांनी आणखी एक सामना खेळला होता. फुटबॉलमध्ये इतक्या कमी अंतराने खेळवणं म्हणजे पोरांच्या डोक्याशी आणि गुडघ्यांशी खेळ आहे. मोठ्या कॉलेजात जागा मिळेल या आशेवर ती मुलं तिथे आली होती. त्यांचं काय गेलं हे आठवलं की राग येतो.

हायस्कूल खेळाडूंपैकी साधारण सात टक्के कुठल्यातरी कॉलेजच्या टीममध्ये पोहोचतात, डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यांत वरच्या गटात, दोन टक्क्यांहून कमी. त्या दोन टक्क्यांत बसायचं असेल तर मैदानाच्या जोडीला वर्गातही हिशोब ठेवावा लागतो. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेला सोळा कोअर, म्हणजे मुख्य, विषय लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, या तिन्हींपैकी आणखी एक, समाजशास्त्र दोन, आणि मान्य यादीतले इतर चार. डिव्हिजन वनसाठी या सोळांचा जीपीए किमान २.३. यातले दहा बारावी सुरू होण्याआधी झाले पाहिजेत, त्यातले सात इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. त्या दहांचे मार्क तिथे गोठतात, बारावीत परत देऊन सुधारता येत नाहीत. म्हणून नववीतला ‘सी’ पालकांना वाटतो त्यापेक्षा महाग पडतो. शिक्षकाशी संपर्कच नसलेले, क्लिक करत पुढे जाणारे ऑनलाइन कोर्स बहुधा धरले जात नाहीत. तुमच्या शाळेची मान्य यादी एनसीएएच्या साइटवर असते, ती नववीतच उघडा.

कॉलेजच्या कोचकडून आलेली कॅम्पची छापील पत्रकं म्हणजे ऑफर नव्हे, ती हजारोंना जातात. डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत कोच दहावी संपल्यावर, १५ जूनपासून थेट बोलू शकतो. तोंडी ऑफर दोन्ही बाजूंनी केव्हाही मोडता येते. आयव्ही लीग (हार्वर्डसारखी आठ जुनी विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, त्यामुळे ‘हार्वर्डची टेनिस स्कॉलरशिप’ कोणी मिळवून देतो म्हणाला तर त्याला फी देऊ नका.

बाकावर बसायची वेळ येऊच नये म्हणून ऑगस्टमध्ये, पहिल्या सरावाच्या आधी, ॲथलेटिक डायरेक्टरला एक ईमेल पाठवा. त्यात जन्मतारीख, नववीत प्रवेश कधी आणि कुठल्या देशात, मागच्या वर्षीची शाळा, आत्ताचा पत्ता आणि तिथे राहायला आल्याची तारीख, बाहेर खेळत असलेले क्लब, आणि कोणाकडून काही वस्तू किंवा पैसे मिळाले असतील तर तेही लिहा. शेवटी एकच प्रश्न: या सीझनला हा पूर्णपणे पात्र आहे का? शाळेच्या बाहेर, वाहनतळावर, कोच मान डोलावून ‘हो’ म्हणाला तर त्यावर थांबू नका. लेखी उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून फिजिकलच्या फॉर्मसोबत ठेवा.