घडीची सायकल

पुण्याची मेट्रो मला नळ स्टॉपहून रामवाडीपर्यंत गारेगार नेऊन सोडते. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन्ही टोकांना उरलेल्या शेपटांची. कर्वेनगरातल्या आमच्या घरापासून नळ स्टॉप तीनेक किलोमीटर, आणि रामवाडीपासून विमाननगरातलं ऑफिस दोन. एवढ्याशा अंतरासाठी रिक्षावाला आपल्याकडे बघतसुद्धा नाही. बसची वाट बघावी तर तेवढ्या वेळात चालत पोचता येतं, फक्त पोचल्यावर आरशात बघवत नाही. एक दिवस उन्हातून तरातरा चालताना डोक्यात आलं, घडीची सायकल घ्यावी. दोन्ही शेपटांना एकच औषध.

खरं तर घडीच्या वस्तूंचं आपल्याला काय नवल? घडीची खुर्ची, घडीची छत्री, घडीची पोळी. पण घडीची सायकल म्हटलं की लोकांना हसू फुटतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पर्समध्ये मावते का?" दुसरा विचारला, "नातवाला देणार का नंतर?" काकांचा नातू सहा वर्षांचा आहे. तिसरा प्रश्न किमतीचा होता. त्याचं उत्तर ऐकून मात्र काका गंभीर झाले.

कारण किंमत हीच खरी मेख. माझी मर्यादा वीस हजार. लोकलज्जेस्तव ती मी काकांना पंधरा सांगितली. आणि या जगात पाऊल टाकलं की पहिली भेटते ती ब्रॉम्प्टन, लाखाच्या पुढची. अँड्र्यू रिची नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1975 च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये ती जुळवायला घेतली. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, म्हणून हे नाव. सोळा इंची चाकं, तीन घड्या, आणि मिटल्यावर चेन आतल्या बाजूला, म्हणजे कपड्यांना काळं लागत नाही. व्हिडिओत तो माणूस वीस सेकंदांत सायकल मिटतो. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की घरच्यांना काळजी वाटू लागली. मग दाहोन. लेझरवर काम करणाऱ्या डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात 1982 साली काढलेली कंपनी. पुढे 2011 मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगा यांनी वेगळी चूल मांडली, टर्न नावाची, आणि भांडण कोर्टात गेलं. घड्यांच्या धंद्यात घरचीच घडी विस्कटली म्हणायची.

पण माझं मन खरं वळलं ते घराजवळच. कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिथे गेले नव्हते, पुणेकरांची ही जुनी रीत. तिथे बीएसएची पॅराट्रूपर सायकल आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध दोन विंग नटांवर मिटणारी. विमानातून खाली टाकायची, जमिनीवर उघडायची आणि निघायचं. मी त्या नटांकडे बराच वेळ बघत उभी राहिले. ज्यांच्या भरवशावर माणसं विमानातून उड्या मारत होती ते हे दोन नट, आणि मी मेट्रोचा सरकता जिना उतरायला घाबरत होते.

मग दुकानं. पहिला गैरसमज चाकांचा. लहान चाक म्हणजे पाय गरागरा फिरवावे लागणार, असं सगळे सांगतात. पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्याने मला खाली बसवून दाते मोजायला लावले. नखाने एकेक दाता टिपत मी मोजत होते आणि तो माझी शिकवणी घेत होता. बाबांच्या जुन्या मोठ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते धरा. पायडलाच्या एका फेरीत ती साधारण साडेपाच मीटर जाते. वीस इंची चाकाच्या चांगल्या सायकलीला पुढचं चक्र 52 चं असतं, मागे वरच्या गिअरला 14, की तीही तेवढीच जाते. लबाडी होते ती स्वस्तातल्या बिनगिअरच्या सायकलींत. मुलांच्या सायकलीचं 44 चं चक्र, मागे 16, आणि हिशेब चार मीटरवर येतो. मग पाय गरागरा. चाक बिचारं उगाच बदनाम.

चाकाचा खरा दोष वेगळा आहे आणि तो मी लपवणार नाही. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातं त्यात लहान चाक आत उतरून चौकशी करून येतं. हँडलही चंचल, एका हाताने चालवत दुसऱ्याने ओढणी सावरायची सवय पहिल्याच दिवशी सुटली. पण वीस इंचीची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळते, कारण लहान मुलांच्या सायकलींना तीच लागते. (वीस इंचांतही रिमची दोन मापं आहेत, 406 आणि 451 मिलिमीटर. दुसरं घेतलं की ट्यूब मागवावी लागते. टायरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चष्मा न्यावा.) म्हणून सोळा इंची ब्रॉम्प्टनचं स्वप्न मी तिथेच, त्या पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवलं.

दुसरी गोष्ट बिजागरीची. एक सेकंडहँड सायकल मला फार आवडली होती. पोपटी रंग, साडेचार हजार. पुढचा ब्रेक दाबून धरला, सायकल पुढेमागे हलवली आणि दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या फटीवर ठेवलं. बोटाखाली कट् झालं. परत हलवली, परत कट्. सैल दातासारखं. मालक म्हणाला, "ऑइल टाका, जाईल." आवाज गेला असता, खेळ गेला नसता. पोपटी रंगाकडे वळून वळून बघत मी निघून आले. इतर सायकलींत ढिलाई चालते, मडगार्ड खडखडला तर घंटीचं काम करतो. इथे मात्र आपण एका खिट्टीवर बसून कर्वे रोडवरून जाणार असतो.

आणि तिसरं म्हणजे वजन. हे एकच सगळ्यांत वर घ्यायला हवं होतं, पण अक्कल शेवटी येते. दुकानात लोक सायकल चालवून बघतात. घडीची सायकल चालवून काय बघायची? ती उचलून बघायची. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला, 54 पायऱ्या. कागदावर 13 किलो लिहिलेली सायकल मी घरचा बॅगा मोजायचा काटा नेऊन दुकानात टांगली. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड धरून 14 आणि थोडं वर. घरगुती सिलिंडरमधला नुसता गॅस 14.2 किलो असतो. म्हणजे रोज सकाळी भरलेला गॅस, बिनसिलिंडरचा, खाली न्यायचा आणि संध्याकाळी वर आणायचा. दुकानदाराची परवानगी घेऊन मी ती दुकानाच्या पोटमाळ्यापर्यंत दोनदा वर-खाली केली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, घ्याच आता."

घेतली. वीस इंची, सात गिअर, पुढे 52 दाते. काळी. साडेअठरा हजार. पोपटी मिळाली नाही.

पहिल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. ब्रॉम्प्टनसारखी चेन आत जात नाही हे मला माहीत होतं, माझ्या पांढऱ्या ओढणीला नव्हतं. मग जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवली. लाल-पिवळ्या फुलांची. स्टेशनवरच्या सुरक्षारक्षकाने ते गाठोडं बघून विचारलं, "मॅडम, आत काय?"

"सायकल."

त्याने चादरीचं टोक उचललं, पायडल दिसलं, आणि सहकाऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून घडी उघडून दाखवायला लावली, मग परत घालून दाखवायला लावली. माझी गाडी गेली. 2022 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा लोक अख्ख्या सायकली घेऊन डब्यात उभे असायचे. माझ्या गाठोड्याचं एवढं कौतुक का, कळलं नाही. आता तो रोज नुसती मान हलवतो. रिक्षावाल्यासारखी नाही, ओळखीची.

सायकल घरी आली त्या संध्याकाळचं राहिलंच. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "घडी कोण मोडणार?" आमच्याकडे नवी साडी आधी दुसऱ्या कुणाला तरी नेसायला देतात, तिने घडी मोडली की मग आपण नेसायची. मी हसले. त्या हसल्या नाहीत. बहात्तर वर्षं वय, गुडघ्याला पट्टा. मधली दांडी इतकी खाली असते या सायकलींची, की पाय उचलावा लागत नाही, नुसता पलीकडे ठेवायचा. पदर खोचून त्या बसल्या. काका धावत आले, धरू का म्हणाले, तोवर त्या पार्किंगच्या टोकाला पोचल्या होत्या. चाळीस वर्षांत सायकलीला हात लावला नव्हता म्हणे. दोन चकरा मारून माझ्यासमोर ब्रेक दाबून उभ्या राहिल्या.

"चेन सैल आहे," त्या म्हणाल्या, "आणि सीट खाली घे थोडी. मला उद्या परत लागेल."